गल्ला

गेल्या आठवड्यात नातीसाठी गल्ला घ्यायला बाजारात गेलो. प्लॅस्टिकचे होते, पत्र्याचे कुलूपवालेही होते. पण कुलपाची किल्ली घरातच राहते आणि भाजीवाल्याला सुटे द्यायची वेळ आली की हात तिकडेच जातो. हा माझाच अनुभव! म्हणून कुंभाराकडे वळलो. मातीचा गल्ला घेताना फट पाहून घ्यावी. माती वाळताना, भाजताना आकसते, तशी फटही. मी खिशातलं वीस रुपयांचं बाराकोनी नाणं लावून पाहिलं. अडकलं. दुसऱ्यात गेलं, आणि गेलं ते गेलंच.

अम्मीचा गल्ला असाच होता. १९८९ साली माझ्या बी.ए.च्या परीक्षेच्या फीला पैसे कमी पडले, तेव्हा तिनं तो फोडला. चार आणे, आठ आणे, दहा पैसे. रुमालात बांधलेली ती चिल्लर मोजताना खिडकीवरचा कारकून वैतागला होता. दुसऱ्याच आठवडी बाजारी अम्मीनं नवा गल्ला आणला. तो ती शेवटपर्यंत भरत राहिली. ती गेल्यावर फोडायचा धीर आम्हा भावंडांना झाला नाही. जून २०११ अखेर चार आणे चलनातून बाद झाले, तरीही नाही.

नातीनं विचारलं, "नाना, हा उघडायचा कुठून?"

"उघडायचा नाही, फोडायचा. येत्या ईदला." तसं खडूनं त्यावर लिहूनही ठेवलं.

अम्मीचा मात्र अजून फळीवरच आहे.