मुस्तफा दिसायचा तसा

(हा भाग आधी बोललेला, मग उतरवलेला आहे. अडखळणं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, याला कामधंदा नाही का? आहे, दिवसा सॉफ्टवेअरचा आहे. रात्री मात्र गेले सात-आठ महिने माझा एकच उद्योग चाललाय. घरातल्या फोर-के टीव्हीला पटवून देतोय की बाबा रे, तू एक जुनी वीस इंची काचेची नळी आहेस.

सुरुवात ‘मुस्तफा’पासून झाली. ज्यांनी आपल्याकडची व्हिडिओ गेम पार्लरं पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी: कॅपकॉमचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’. गेमचं खरं नाव आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. पळत येऊन लाथ मारणारा मुस्तफा सगळ्यांना हवा असायचा, म्हणून अख्खा गेमच मुस्तफा. इचलकरंजीत आमच्या शाळेच्या वाटेवर एक पार्लर होतं, तिथे एका रुपयात एक डाव. मी तिसरी-चौथीत असेन.

तर गेल्या वर्षी तो गेम एम्युलेटरवर लावला आणि हिरमोड झाला. सगळं रंगीत कागदाचे चौकोन कापून चिकटवल्यासारखं. आणि मुस्तफा चक्क जाडा!

जाडेपणाचं कारण सोपं निघालं. कॅपकॉमच्या त्या बोर्डाचं चित्र आडवं ३८४ आणि उभं २२४ ठिपक्यांचं. आपण ठिपका चौकोनी धरला तर चित्र जवळपास सिनेमाच्या पडद्याइतकं रुंद होतं. पण मशीनचा पडदा होता चारास तीनचा. म्हणजे चित्रकारांनी माणसं मुद्दाम रुंद काढली होती, पडद्यावर ती दबून बरोबर दिसायची. चौकोनी ठिपके ठेवले की सगळे साधारण एकोणतीस टक्के फुगतात. एक सेटिंग बदललं, मुस्तफा बारीक झाला.

चौकोन मात्र गेले नाहीत. मग सगळे करतात तेच मी केलं, चित्रावर काळ्या आडव्या रेघांची जाळी टाकली. दोन मिनिटं बरं वाटलं, मग खिडकीच्या पट्ट्यांमधून बघतोय असं वाटायला लागलं.

आता इथे बाबा येतात. बाबा तीस वर्षं टीव्ही दुरुस्त करायचे, आता दुकान बंद आहे. मागून चहा पीत बघत होते. म्हणाले, “रेघा काळ्या नसतात रे. उजेडाच्या रेघा असतात. काळं म्हणजे जिथे उजेड पोचलाच नाही ते.”

हे वाक्य मी चार फोरम पालथे घालून शिकलो नव्हतो. नळीत मागून इलेक्ट्रॉनचा झोत येतो आणि काचेच्या आतल्या फॉस्फरवर डावीकडून उजवीकडे एकेक ओळ ओढत जातो. टीव्हीच्या प्रक्षेपणात निम्म्या ओळी एका फेरीत आणि मधल्या निम्म्या दुसऱ्या फेरीत येतात. गेमचा बोर्ड प्रत्येक फेरीत त्याच जागी ओळी ओढतो, म्हणून मधल्या फटी रिकाम्या राहतात. आणि ओळीच्या लांबीत ठिपके वेगळे नसतातच, झोत सलग कमी-जास्त होत जातो. म्हणजे उभ्या दिशेने चित्र तुटक आणि आडव्या दिशेने सलग. मी दोन्हीकडे सारखंच वागत होतो.

बाबांना मी विचारलं, पार्लरवाले काका तर साधी टीव्हीचीच नळी आणि चॅसिस बसवायचे, मग जपानी बोर्ड आपल्या टीव्हीवर चालायचा कसा? ते म्हणाले, “आडवी फ्रिक्वेन्सी जुळायची. उभी जरा फिरवायची, हाइट नीट करायची, झालं.” मी गणित केलं. आपला टीव्ही ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे १५,६२५ ओळी. बोर्डाचा पिक्सेल क्लॉक ८० लाख हर्ट्झ, एका ओळीत रिकाम्या जागेसकट ५१२ ठोके. भागाकार करा. १५,६२५! अगदी तोच आकडा. रात्री साडेबाराला मी आईला उठवून हे सांगितलं, तिने झोपेत “बरं” म्हटलं.

मग आम्ही त्या काकांना शोधलं. पार्लर कधीच बंद झालं होतं, पण एक मशीन घराच्या मागच्या खोलीत, वर गाद्या रचलेल्या अवस्थेत सापडलं. भंगारवाला दोनदा बघून गेला होता. चालू केलं तर गेमचा आवाज पूर्ण आणि पडद्यावर एक झगझगीत आडवी रेघ. ज्यांच्या घरी जुना टीव्ही होता त्यांना हा आजार माहीत असेल.

बाबा ओरडले, “ब्राइटनेस खाली घे, रेघ जळेल!” सगळा झोत एकाच ओळीवर पडत राहिला तर तिथला फॉस्फर कायमचा जातो. मग त्यांनी मशीन बंद करून नळी डिस्चार्ज केली. (हे कृपया घरी करू नका. प्लग काढला तरी नळीत हजारो व्होल्टचा चार्ज राहू शकतो.) व्हर्टिकल आयसीच्या पायांजवळ ड्राय सोल्डर होतं. दहा मिनिटांत रेघ उघडून चित्र झालं. लाल रंग कमजोर आणि ओघळलेला, उजवा कोपरा वाकलेला, पण चित्र! काका काहीच बोलले नाहीत, फक्त सवयीने कॉइनच्या भोकात बोट घालून बघितलं.

बाबांचं मत, नळी वीक आहे, फार दिवस काढणार नाही. म्हणून मी मोबाइलला क्लिपवाली मॅक्रो लेन्स लावून त्या दुपारी दोनशेच्या वर फोटो काढले.

त्यात दिसलं ते असं. एक म्हणजे जाळी. काचेमागच्या पत्र्याला उभ्या बारीक फटी आणि त्या विटांच्या भिंतीसारख्या एक वर, एक खाली सरकलेल्या. मी तोवर ट्रिनिट्रॉनसारख्या सरळ उभ्या तारांची जाळी वापरत होतो. दुसरं जास्त महत्त्वाचं. स्कोअरच्या पांढऱ्या आकड्यांत ओळ इतकी जाड की शेजारच्या ओळीला जवळजवळ टेकते आणि अंधाऱ्या भागात तीच ओळ दोऱ्यासारखी. उजेड वाढला की झोत पसरतो. माझ्या शेडरमध्ये सगळ्या ओळी एकाच जाडीच्या होत्या, खिडकीच्या पट्ट्या तिथूनच आल्या होत्या.

आता ओळीची जाडी त्या जागेच्या उजेडावर ठरते. मिसळण्याचं गणितही गॅमा काढून, खऱ्या उजेडाच्या आकड्यांत करावं लागतं, नाहीतर कडा मळकट होतात. यासाठी पडद्यावर जागा लागते. २२४ ओळी १०८० मध्ये बसवल्या तर एका ओळीला पूर्ण चारच पिक्सेल मिळतात, त्यात चढउतार काय दाखवणार? फोर-केमध्ये नऊ मिळतात, वर-खाली ७२-७२ पिक्सेल काळे सोडायचे. जाळी आणि फटी मिळून उजेड बराच खातात, म्हणून टीव्हीचा बॅकलाइट पूर्ण वर.

एक गोष्ट मात्र जमली नाही. नळीवरचा प्रत्येक ठिपका क्षणभर चमकून विझतो. एलईडी टीव्ही तेच चित्र पुढचं येईपर्यंत धरून ठेवतो, त्यामुळे पळणारा मुस्तफा पुसट होतो. यावर मार्क रेजॉन आणि टिमोथी लॉट्स यांनी २०२४ च्या डिसेंबरमध्ये झोताची नक्कल करणारा शेडर आणला, पण त्याला जास्त हर्ट्झचा पडदा लागतो. माझा साठचा. तिथे मी हरलो.

भांडण वेगळ्याच गोष्टीवरून झालं. मी ओघळलेला लाल आणि वाकलेला कोपराही शेडरमध्ये घातला. बाबा चिडले. “तो फॉल्ट आहे. असा सेट मी गिऱ्हाइकाला कधी दिला नसता.” मी म्हटलं, मी लहानपणी हाच पाहिलाय. ते म्हणाले, “मग तू फॉल्टच पाहिलास.” कॅपकॉमच्या चित्रकारांसमोर नीट लावलेला मॉनिटरच असणार, त्यांचं बरोबर आहे. माझंही चूक आहे असं मला अजून वाटत नाही.

सध्या दोन प्रीसेट आहेत. एकाचं नाव ‘दुकान’, दुसऱ्याचं ‘पार्लर’. मी ‘पार्लर’ लावून बसलो असलो की बाबा रिमोट घेऊन आधी रंग उतरवतात, मग बसतात. मी खेळतो आणि ते उजवा कोपरा बघत असतात.