दर्याची मर्यादा

(रात्री प्रखर दिवे लावून होणारी मासेमारी आणि कोकणचा पारंपरिक मच्छिमार, या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्याकडे मर्यादेचा दृष्टान्त द्यावयाचा झाला, की समुद्राचे नाव घेतले जाते. कितीही नद्या येऊन मिळोत, तो आपला काठ सोडत नाही. आज मात्र त्या समुद्राशी वागताना माणसानेच मर्यादा सोडली आहे. एलईडी दिव्यांच्या झोतात रात्री होणारी मासेमारी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. हा प्रश्न कोळीवाड्याचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे शहरातील मंडळींना वाटते. तो संबंध किती जवळचा आहे, हेच आज मांडावयाचे आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. उजेड दाखवून मासे पकडणे ही काही नवी युक्ती नव्हे. पहिल्या पावसात ओहोळातून चढणारे मासे पकडावयास कोकणातील माणूस चूड पेटवून किंवा पेट्रोमॅक्सची बत्ती घेऊन बाहेर पडत आला आहे. लक्षद्वीपच्या उथळ पाण्यातही मशालीच्या उजेडात मासेमारी होत असे. परंतु चुडीचा उजेड चार हातांपलीकडे जात नसे आणि एका माणसाच्या टोपलीत मावेल तेवढेच मासे मिळत. साधनच असे होते, की मर्यादा त्यातच अंगभूत होती.

एलईडीने हे चित्र पालटले. निळ्या एलईडीच्या शोधासाठी जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच शोधामुळे आपल्या घरातील विजेचे देयक कमी झाले. थोड्या विजेत पुष्कळ प्रकाश देणारा हा दिवा नौकेवर गेला, तेव्हा मात्र त्याने वेगळेच काम आरंभिले. निळा-हिरवा प्रकाश पाण्यात तांबड्या प्रकाशापेक्षा खोलवर पोहोचतो. दिवसा खोल पाण्यात राहणारे सूक्ष्म प्लवक रात्री वर येतात, त्यांच्या मागे लहान मासे आणि लहान माशांच्या मागे मोठे, असा समुद्राचा नित्यक्रम आहे. काळोख्या रात्री जनरेटर असलेली एक नौका नांगर टाकून हे दिवे पेटविते. काही दिवे पाण्यावर, तर काही थेट पाण्याखाली सोडलेले असतात. बांगडा, तारली, म्हाकूल यांचे थवे त्या उजेडाभोवती गोळा होतात. मग दुसरी नौका पर्ससीन जाळ्याने त्या थव्याला वेढा घालते आणि बटव्याची नाडी ओढावी तसे जाळ्याचे तोंड खालून आवळले जाते. आत मोठा मासा असतो, तशी पिल्लेही असतात आणि अंड्यांवर आलेली मादीही असते. निवड करण्यास वाव नाही आणि निसटण्यास वाटही नाही.

याचा फटका कोणाला बसतो? मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील रापण आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. होडीतून जाळे अर्धवर्तुळाकार सोडावयाचे आणि दोन्ही टोकांनी गावकऱ्यांनी ते किनाऱ्यावर ओढावयाचे. जाळे सामायिक, ओढणारे हात सामायिक आणि मासळीचे वाटेही ठरलेले. रापणकर माशामागे धावत नाही. थवा किनाऱ्याजवळ येण्याची वाट पाहतो. तो थवा बाहेरच्या बाहेरच दिव्याकडे खेचला गेला, तर रापणीत येणार काय? रिकामे जाळे ओढतानाही श्रम तेवढेच पडतात. त्या घरातील भगिनीची पाटी बाजारात रिकामी राहते, होडीचे कर्ज थकते आणि मुलगा मुंबईची वाट धरतो. जे गावातील शेकडो घरांत वाटले गेले असते, ते एका रात्रीत एका मालकाच्या बर्फाच्या खणात जाते.

दिवे लावणाऱ्यांचेही म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. डिझेल महाग, खलाशांचा पगार मोठा, नौकेवर कर्ज. मग दिवे लावू नयेत तर काय करावे, असे ते विचारतात. जपानमध्ये म्हाकूल दिव्यांवरच पकडतात, हाही दाखला दिला जातो. तो खरा आहे. परंतु तेथे त्या दिव्याखाली गळाच्या दोऱ्या असतात, संपूर्ण थवा गिळणारे जाळे नसते, आणि तो व्यवसाय परवान्यांनी बांधलेला आहे. कर्जाची अडचणही खरी आहे. पण उद्याचे बियाणे आज विकून फेडलेले कर्ज पुन्हा डोक्यावर येतेच. त्या वेळी ते फेडावयास समुद्रात मासा उरलेला नसेल.

काही जण या वादाला मराठी विरुद्ध परप्रांतीय असे रूप देतात. परराज्यातील नौका आपल्या हद्दीत येऊन नियम मोडत असतील, तर त्यांच्यावर कारवाई झालीच पाहिजे. मात्र दिवे लावणारे आपल्या बंदरांतही आहेत आणि कर्नाटकातील लहान मच्छिमारही याच दिव्यांनी गांजला आहे. हा प्रांताचा वाद नव्हे. सामायिक संपत्ती एकाने ओरबाडावी काय, एवढाच प्रश्न आहे.

कायदा नाही, असे मुळीच नाही. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालाच्या आधारे राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध घातले. केंद्र शासनाने १० नोव्हेंबर २०१७ रोजी देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी व अन्य कृत्रिम दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा होऊन एलईडी मासेमारीसाठी ५ लाखांपासून २० लाख रुपयांपर्यंत दंड ठरला. जानेवारी २०२५ मध्ये किनाऱ्यावर ड्रोनची गस्त सुरू झाली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अधिसूचित केलेल्या नियमांनीही ही बंदी कायम राखली. तरीही काळोख्या रात्री क्षितिजावर दिव्यांची रांग दिसते, अशी किनाऱ्यावरील मच्छिमारांची तक्रार थांबलेली नाही. बारा सागरी मैलांपर्यंत अधिकार राज्याचा, त्यापुढे केंद्राचा. गस्तीची नौका येताना दिसली की दिवे विझतात, आणि विझलेल्या दिव्याचा पंचनामा कसा करावयाचा? कायद्याचे हात समुद्रावर आखूड पडतात ते असे.

येथे सुरक्षेचाही विचार करावयास हवा. १९९३ मध्ये स्फोटके रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहशतवादी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून मुंबईपर्यंत आले, आणि किनाऱ्यावर पाय ठेवताच त्यांना प्रथम हटकले ते तेथील कोळी बांधवांनीच. कोळी, गाबीत, भंडारी, दालदी हे किनाऱ्यावरचे समाज देशाचे जागते डोळे आहेत. तो माणूस उपासमारीने किनारा सोडून गेला, तर ती जागा कोणती यंत्रणा भरून काढणार? आणि नियम चुकविण्यासाठी रात्री दिवे विझवून पळणाऱ्या नौकांच्या गर्दीत शत्रूची नौका ओळखावयाची कशी?

छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, तेव्हा समुद्राचे महत्त्व जाणणारे राज्यकर्ते या देशात विरळाच होते. त्यांच्याच राज्यनीतीचा वारसा सांगणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी फार मार्मिक सूचना आहे. आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात; ती बळाने तोडू नयेत, असा तिचा आशय आहे. आरमार ही राज्याची निकड होती, तरीही निकडीला मर्यादा घातली गेली. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शन मांडले. निसर्गाचे शोषण नव्हे, दोहन करावे, हा त्याच विचारधारेतील आग्रह आहे. गाईचे दूध काढणारा वासराचा वाटा राखून ठेवतो. एलईडीच्या जाळ्यात वासरूही जाते.

मग आपण काय करावे? केंद्र आणि राज्य यांच्या गस्तीत समन्वय हवा, ही मागणी लोकप्रतिनिधींकडे सातत्याने लावून धरावी. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्याचे लाभ लहान होडीवाल्यापर्यंत पोहोचविण्यासाठी सुशिक्षित कार्यकर्त्यांनी मच्छिमार सहकारी संस्थांच्या कागदपत्रांत हातभार लावावा. दिवे सोडून परत येऊ इच्छिणाऱ्या मालकाच्या कर्जाचा प्रश्नही याच संस्थांनी हाती घ्यावा. त्याला केवळ गुन्हेगार ठरवून भागणार नाही. आणि घरातील भगिनींना एक विशेष विनंती. राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ प्रजातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. बोटभर पापलेट स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. त्याच वर्षी आपण ज्याला राज्यमासा म्हणून मान दिला, त्याची ती पिल्ले आहेत. विकत घेणारा हात मागे सरला, तर पकडणाऱ्या हातालाही विचार करावा लागेल.

नारळी पौर्णिमेला कोळी बांधव दर्याला नारळ अर्पण करतो, तो जे घेतो त्याची जाणीव ठेवून. त्या नारळात आपलाही वाटा असावा. यंदाच्या नारळी पौर्णिमेला आपल्या शाखेतील, वस्तीतील चार कुटुंबांनी जवळच्या कोळीवाड्यात जावे, त्या बांधवांच्या पंगतीला बसावे आणि त्यांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून ऐकावे. कामाची दिशा तेथेच सापडेल.