ट्रंकेतली विमानं

मी तोंडवलीहून बोलतेय. तुम्ही मला बचत, कर्ज आणि परतफेड यांवर बोलताना ऐकलंय. आज त्यातलं काही नाही. आज मी एका ट्रंकेविषयी बोलणार आहे. ऐकून झाल्यावर तुम्ही घरी जाऊन माळ्यावर बघावं, एवढीच माझी इच्छा.

आमचं गाव तुम्हाला माहीत आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, त्या दिवशी आमच्या मागच्या पडवीची कौलं उडाली आणि माळ्यावरची लोखंडी ट्रंक भिजली. ती ट्रंक माझ्या सासऱ्यांची. ते नौदलात होते. वादळाच्या दोन वर्षं आधी ते वारले, तेव्हापासून ट्रंक तशीच बंद होती. वादळानंतर घरात चिखल, वीज नाही, पिण्याच्या पाण्याचे हाल. मी ट्रंकेतला ओला कागदांचा गठ्ठा उचलला आणि कचऱ्यात टाकायला निघाले. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "गो, ह्यां काय फेकतंस? ह्यांत तुझ्या सासऱ्याचो जलम आसा."

मी ते सगळं खळ्यात सावलीला पसरलं. त्यात एक फोटो होता. जहाजाच्या डेकवर पंख दुमडलेलं विमान आणि त्याच्यापुढे उभे नऊ तरुण पोरगे. मागे शाईने नावं लिहिलेली, पण पाण्याने शाई पसरलेली. दोनच नावं वाचता आली. त्यातलं एक सासऱ्यांचं.

आता मला ज्याची लाज वाटते ते सांगते. ही नऊही नावं मी एकदा ऐकली होती.

सासरे 'विक्रांत'वर होते. जुनी विक्रांत, आपल्या देशाची पहिली विमानवाहू नौका. ४ मार्च १९६१ ला ती नौदलात आली. सासरे त्या डेकवर विमानं हलवण्याच्या आणि बांधून ठेवण्याच्या कामावर. १९७१ च्या युद्धात विक्रांत बंगालच्या उपसागरात होती. तिच्या बॉयलरला तडा गेलेला, म्हणून वेग बेताचाच ठेवावा लागे. तरीही ४ डिसेंबरपासून तिच्यावरून सी हॉक आणि अलिझे ही विमानं उडाली आणि त्यांनी कॉक्स बाजार, चितगाव इथे हल्ले केले. हे पुस्तकांत आहे. वैमानिकांची नावं, पदकं, तारखाही आहेत. पण वाऱ्यात आणि तेलाच्या वासात ते विमान ढकलणारे हात कोणाचे होते, ते घराघरांतल्या ट्रंकांत आहे. त्यातल्या कितीतरी ट्रंका आपल्या कोकणात आहेत, कारण नौदलात जाणं ही आपल्याकडची जुनी वाट आहे.

३१ जानेवारी १९९७ ला विक्रांत निवृत्त झाली. मग काही वर्षं ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, तुमच्यातल्या काहींनी पोरांना दाखवलीही असेल. पुढे तो खर्च झेपेना. २०१४ मध्ये ती भंगारात विकली गेली आणि त्या वर्षाच्या अखेरीस तोडायला घेतली. ती बातमी आली त्या संध्याकाळी सासऱ्यांनी हा फोटो काढला आणि माझ्याशेजारी येऊन बसले. एकेकावर बोट ठेवून नाव सांगत गेले. हा अमक्या गावचा, हा चांगला गायचा, ह्याला बोट लागायची. मी कोळंबी सोलत होते. "हं, हं" म्हणत राहिले. हात धुऊन एक पेन घ्यायला किती वेळ लागला असता? गटाचं प्रोसिडिंग मी कधी चुकवलं नाही. कोणाचे शंभर रुपये आले, कोणाचे बाकी राहिले, सगळं वहीत. आणि घरातल्या माणसाने स्वतःहून सांगितलेलं मात्र कागदावर आलं नाही.

पुढची गोष्ट ऐका. तो फोटो मी ग्रामसंघाच्या बैठकीत नेला. म्हटलं, कोणी ओळखतंय का बघा. शेजारच्या वाडीतल्या एका काकींनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि डावीकडून चौथ्या मुलावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "हो माझो भाव." त्यांचा भाऊ नोकरीत असतानाच आजाराने गेला. लग्न झालेलं नव्हतं. घरात त्याचा गणवेशातला एकही फोटो नव्हता. पन्नास वर्षांनी काकींनी भावाला गणवेशात बघितलं ते आमच्या ओल्या ट्रंकेत. तो गठ्ठा मी फेकला असता, तर काकींचा भाऊही त्यासोबत गेला असता आणि मला ते कधी कळलंही नसतं.

नऊपैकी तीन नावं झाली. सहा बाकी आहेत.

मैत्रिणींनो, नाव हरवणं म्हणजे काय, ह्याचं एक जुनं उदाहरण सांगते. पहिल्या महायुद्धात मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर विमान घेऊन लढायला गेले. तेव्हा लढाऊ विमान चालवणारे भारतीय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. जून १९१८ मध्ये फ्रान्समध्ये ते पडले आणि जर्मनांच्या हद्दीत वारले. त्यांना पुरताना नाव चुकीचं नोंदलं गेलं. युद्धानंतर चौकशी झाली तेव्हा कुठे ती कबर त्यांची असल्याचं कळलं. आज फ्रान्समधल्या हंगार्ड इथे त्यांच्या नावाने कबर आहे. कोणीतरी कागद जुळवत बसलं, म्हणून मराठी माणसाला त्याचं नाव परत मिळालं.

असे कागद जुळवत बसणारे लोक आजही आहेत. निवृत्त सैनिक, त्यांची मुलं, काही हौशी अभ्यासक. कुठलं विमान कुठल्या तुकडीत होतं, कोण कुठे पडला, हे ते एकमेकांना विचारून जमवतात. पगार नाही, मानधन नाही. पण त्यांची अडचण आपल्या गटांसारखीच आहे. सगळं एकाच माणसाच्या हातात असतं. तो माणूस गेला की कपाट रद्दीत जातं. संगणकावर ठेवलेलं असेल, तर त्या जागेचं दरवर्षीचं भाडं भरणारा कोणी उरत नाही आणि वीस वर्षांचं काम एका दिवसात दिसेनासं होतं. ज्या गटात हिशेब एकट्या सचिवालाच कळतो, तो गट सचिव सासरी गेली की बंद पडतो. हे आपण बघितलंय. म्हणून दप्तर दोघींना तरी यायला हवं, असं आपण म्हणतो. इतिहासाच्या दप्तराचंही तेच.

आमच्या गटाने काय केलं, ते सांगते. तुम्हालाही जमेल.

पहिलं, भिजलेले फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका. स्वच्छ पाण्यात हळू सुटे करा आणि फोटोची बाजू वर ठेवून सावलीत कापडावर वाळवा. उन्हात नको. जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका, मग तो परत सोडवता येत नाही.

दुसरं, फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने लिहा. कोण, कुठे, कुठल्या वर्षी, कुठलं जहाज किंवा तुकडी. शाई पाण्यात पसरते, हे मी शिकले. खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह घाला. अंदाजाने नाव घालू नका. चुकीची नोंद कोऱ्या जागेपेक्षा वाईट.

तिसरं, दिवसाच्या उजेडात मोबाईलवर फोटो काढा आणि तीन ठिकाणी ठेवा. माझ्या मोबाईलमध्ये आहे म्हणजे जपलंय, असं समजू नका. मोबाईल पाण्यात पडतो. एक प्रत लेकीकडे, एक पेन ड्राइव्हवर, एक कागदावर छापून गटाच्या पेटीत.

चौथं, मूळ कागद कोणालाही देऊ नका. कोणी अभ्यासाला मागितला तर प्रत द्या. सेवा क्रमांक, पेन्शनचे आकडे, आधार झाकून द्या. जे आज नोकरीत आहेत त्यांची माहिती अजिबात बाहेर जाऊ देऊ नका. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश तर वेगळ्या पिशवीत, हाताशी ठेवा. विधवेच्या पेन्शनसाठी ओरोसला सैनिक कल्याण कार्यालयात जावं लागतं, तेव्हा तेच लागतात.

पाचवं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. घरातल्या बायकांना विचारा. माझ्या सासूबाई म्हणत, "माका काय म्हायत ते थंय काय करीत?" पण मी मोबाईल रेकॉर्डिंगला लावून बसले तेव्हा त्यांना सगळं आठवलं. एकाहत्तरच्या त्या डिसेंबरात फ्लीट मेल ऑफिसच्या पत्त्यावर पत्रं टाकत होत्या आणि एकही उत्तर येत नव्हतं. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. पोस्टमन दिसला की त्या विहिरीवर जात, कारण घरात सगळ्यांसमोर रडता यायचं नाही. हे कुठल्या पुस्तकात आहे?

तुमच्यात सत्तरीच्या पुढच्या कोणी असतील तर आणखी मागे जा. १८ डिसेंबर १९६१ ला गोवामुक्तीच्या वेळी पुण्याहून कॅनबेरा विमानांनी येऊन दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले आणि बेळगावच्या सांबऱ्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं रेडिओ केंद्र उडवलं. तेव्हा तुम्ही लहान होता. काही ऐकलंत, बघितलंत? मोठी माणसं काय बोलत होती? सांगा, आणि सुनांनो, लिहून घ्या.

दाबोळीला नौदलाच्या विमानांचं संग्रहालय आहे. सी हॉक, अलिझे तिथे उभी आहेत. मागच्या सहलीत आम्ही सासूबाईंना नेलं. त्यांनी विमानाच्या पंखाकडे बघितलं आणि विचारलं, "ह्यांच ढकलीत ते?" मी म्हटलं, हो, हेच. त्या बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "जड आसतला."

ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय, तारखेसकट. आज घरी गेलात की ट्रंक उघडा. विचारण्यासारखं माणूस घरात असेल तर कोळंबी थोडा वेळ तशीच राहू दे.