ईमेलचा पत्ता कुणाकुणाला द्यायचा?

(पवनानगर इथं झालेल्या युवा शिबिरातील भाषणाचं संपादित शब्दांकन)

सुरुवात एका कबुलीनं करतो. काल संध्याकाळी कामशेतवरून इथं पोहोचलो, तेव्हा दारातल्या टेबलावर नोंदणीची वही होती. नाव, गाव, मोबाईल, ईमेल, असे चार रकाने. आपण सगळ्यांनी ते इमानदारीनं भरले. वही जेवणं होईपर्यंत तिथंच उघडी पडली होती. मी ती उभ्या उभ्या वाचली. त्याबद्दल माफी मागतो. पण दोन पानांत मला काय काय कळलं ते ऐका. तुमच्यापैकी बहुतेकांच्या ईमेलमध्ये पूर्ण नाव आहे, आडनावासकट. जवळपास निम्म्यांनी जन्मसालही घातलंय. दोघांनी लग्नानंतर आडनाव बदललंय, पण ईमेल जुनाच आहे. एकानं नोकरीच्या कंपनीचा ईमेल दिलाय, म्हणजे तो कुठं काम करतो हेही कळलं. मी चांगला माणूस आहे असं समजू. पण वही कुणीही वाचू शकलं असतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दहा-बारा वर्षं दुसऱ्यांचे फॉर्म बनवतोय. त्यामुळे फॉर्ममध्ये ईमेलचा रकाना का असतो ते मला माहीत आहे. तुमच्याशी बोलायला लागतो, हे एक कारण. दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. ईमेल ही जोडणीची कडी आहे. नाव बदलतं, स्पेलिंग बदलतं. शेखचं इंग्रजी स्पेलिंग तीन-चार प्रकारे होतं. घर बदलतं. ईमेल मात्र वर्षानुवर्षं तोच राहतो. औषधांच्या ॲपवर तोच, नोकरीच्या पोर्टलवर तोच, लग्न जुळवणाऱ्या साइटवर तोच. या तिन्ही याद्या कधी एकाच माणसाच्या हातात पडल्या, तर जुळवायला दोन मिनिटं लागतात.

कंपन्या म्हणतात, आम्ही ईमेल तसाच देत नाही, त्याचा हॅश करून देतो. हॅश म्हणजे गणिती सूत्रातून काढलेली अक्षरांची लांबलचक माळ. त्या माळेवरून मूळ पत्ता थेट वाचता येत नाही, हे खरं. पण एकाच पत्त्याची माळ एका पद्धतीनं केली की प्रत्येक वेळी सारखीच येते. दुकानानं आपल्या यादीची माळ केली, जाहिरात कंपनीनं आपल्या यादीची केली, आणि दोन्ही शेजारी ठेवल्या, की तुम्ही दोन्हीकडे सापडता. गूगल आणि मेटा जाहिरातदारांना ही सोय उघडपणे देतात. त्यात चोरी काही नाही. तोच धंदा आहे.

आता चोरीकडे येऊ. २०२० मध्ये बिगबास्केटच्या सुमारे २ कोटी ग्राहकांची माहिती फुटल्याचं बाहेर आलं. २०२१ च्या मे महिन्यात डॉमिनोज इंडियाच्या १८ कोटी ऑर्डरींचा तपशील फुटला. त्यात चोरांनी एक शोधयंत्रच उभं केलं होतं. मोबाईल नंबर किंवा ईमेल टाकला की त्या माणसानं मागवलेल्या ऑर्डरी आणि पत्ते समोर. पिझ्झा कुणी मागवला याला महत्त्व नाही. कुठल्या घरी मागवला, किती वेळा मागवला, याला आहे.

कुणी म्हणेल, आमच्याकडं लपवण्यासारखं काय आहे? त्याचं उत्तर या सभागृहात बसलेल्या मुलींना मी द्यायला नको. जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ झालं. १ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’ झालं. शंभरच्या वर मुस्लिम स्त्रियांचे फोटो लावून त्यांचा खोटा लिलाव मांडला. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, विद्यार्थिनी होत्या. ते ॲप गिटहबवर होतं. मी रोज ऑफिसात जिथं काम करतो, त्याच जागी. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेनं काही दिवसांत अटक सुरू केली. पकडलेल्यांत अभियांत्रिकी शिकणारी विशी-एकविशीची पोरं होती. माझ्याच शाखेची पोरं. ती बातमी मी दोनदा वाचली.

इथं मला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आज मी ज्या मुखवट्याच्या ईमेलबद्दल बोलणार आहे, त्यानं त्या स्त्रिया वाचल्या नसत्या. त्यांचे फोटो त्यांनी स्वतःच्या नावानं, उजळ माथ्यानं लावले होते आणि तो त्यांचा हक्क होता. त्यांच्यापैकी एका पत्रकार महिलेनं दिल्लीत तक्रार दिली, इतरांनी दिल्या, म्हणून तपास हलला. नाव लपवून नव्हे, नाव देऊन. त्यामुळे ‘सगळे लपून बसा’ हे सांगायला मी आलेलो नाही. आपलं काय, कुणाकडं, किती जावं हे आपण ठरवावं, एवढंच सांगायला आलोय.

मुखवट्याचा ईमेल म्हणजे काय? आपल्या आजोबांना ही कल्पना नवी वाटली नसती. वाडीवस्तीवर टपाल यायचं नाही, तेव्हा पत्रावर ‘मार्फत’ लिहायचे. मार्फत अमुक किराणा दुकान. पाठवणाऱ्याला दुकान माहीत, घर नाही. दुकानदार पत्र घरी पोहोचवायचा. मुखवट्याचा ईमेल हीच मार्फत. एक सेवा तुम्हाला उगाचच्या अक्षरांचा पत्ता बनवून देते. तो तुम्ही साइटला द्यायचा. तिथं आलेला मेल सेवा तुमच्या खऱ्या पेटीत ढकलते. तुम्ही उत्तर दिलं तर तेही त्याच पत्त्यावरून जातं. प्रत्येक साइटला वेगळा पत्ता. म्हणजे याद्या शेजारी ठेवल्या तरी ईमेलवरून जुळत नाहीत. त्रास झाला तर तो एक पत्ता बंद. बाकीचं चालू.

फुकटात काय मिळतं? फायरफॉक्स रिलेवर पाच मुखवटे. सिंपललॉगिनवर दहा. डकडकगो हवे तितके देतं. ॲपलचा फोन असेल तर ‘साइन इन विथ ॲपल’ करताना ‘हाइड माय ईमेल’ निवडा. काही जण जीमेलमध्ये नावापुढं अधिकचं चिन्ह घालून शब्द जोडतात. मेल गाळायला ती युक्ती चांगली. पण खरा पत्ता तिच्यातच उघडा असतो. चिन्हापासून पुढचं खोडलं की झालं. त्याला मुखवटा म्हणता येत नाही.

याहून वेगळी चीज म्हणजे दहा मिनिटांचा, वापरून फेकायचा ईमेल. एखादी पीडीएफ उतरवायची आहे आणि साइट ईमेल मागतेय, तिथं ठीक. पण लक्षात ठेवा, मेलिनेटरसारख्या सेवांवरची फुकट पेटी सार्वजनिक असते. पेटीचं नाव ज्याला सुचेल त्याला ती वाचता येते. तिथं ओटीपी मागवणं म्हणजे एसटी स्टँडवरच्या बाकावर घराची किल्ली ठेवणं.

मुखवटा कुठं वापरायचा नाही, तेही सांगतो. बँक, डिजीलॉकर, पासपोर्ट, पीएफ, एमपीएससीचा अर्ज, कॉलेजचा प्रवेश. तिथं खरा, कायमचा पत्ता द्या. मार्फतचं दुकान उद्या बंद पडलं तर पासवर्ड बदलायची लिंक कुणाला येणार? आणि मार्फत दुकानदाराच्या हातातून पत्र जातंच. त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो, हे विसरू नका.

माझा एक अनुभव सांगतो. मी एका नोकरीच्या पोर्टलला वेगळा मुखवटा दिला होता, दुसऱ्या कुणालाच दिला नव्हता. सहा-सात महिन्यांनी त्यावर कर्जाच्या आणि क्रिप्टोच्या मेलांचा पाऊस सुरू झाला. पत्ता फुटला की विकला गेला ते मला सिद्ध करता येणार नाही. पण कुठून गेला ते कळलं. मी तो बंद केला आणि पोर्टलला लिहिलं. उत्तर आलं नाही. पण एरवी मी ‘आजकाल फार स्पॅम येतो’ म्हणून गप्प बसलो असतो.

दुसरा अनुभव. पुण्यात भाड्यानं घर शोधत होतो. माझ्या नावाच्या ईमेलला उत्तरं येईनात. रागानं मी बिननावाच्या मुखवट्यावरून तीच चौकशी केली. उत्तर आलं, घर बघायला बोलावलं. गेलो. आधार कार्ड दाखवलं. घर ‘कालच गेलं’ होतं. साथींनो, मुखवटा भेदभाव मिटवत नाही, फार तर तो दारापर्यंत पुढं ढकलतो. त्या लढाईची जागा वेगळी आहे, आणि तिथं मी माझं नाव लावूनच उभा राहीन.

तिसरी गोष्ट माझी नाही. माझ्या नात्यातल्या एका आपाची आहे. तिला विचारून सांगतोय. तिच्या घरात तिला त्रास होता. तिनं कायद्याची मदत देणाऱ्या एका ठिकाणी ईमेलवर चौकशी केली. उत्तर चांगलं आलं, सविस्तर आलं. फक्त ते तिच्या आधी नवऱ्यानं वाचलं. फोन त्यानं घेऊन दिला होता, ईमेल त्यानंच उघडून दिला होता, पासवर्ड त्याला पाठ होता आणि त्याच्या फोनवरही तो चालू होता. तिला त्या रात्री मुलाला घेऊन माहेरी यावं लागलं.

मी शहाणपणानं म्हटलं, “आपा, मुखवट्याचा ईमेल वापरायला हवा होतास.” तिनं विचारलं, “तो मेल शेवटी येतो कुठं?” म्हटलं, “तुझ्याच पेटीत.” ती म्हणाली, “मग पेटी तर त्याच्याकडंच होती, भाई.”

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मुखवटा तुम्हाला साइटपासून झाकतो. तुमची पेटी ज्याच्या हातात आहे त्याच्यापासून नाही. आपल्या घरांत किती अम्मींचे, आपांचे, भाभींचे ईमेल भावानं, नवऱ्यानं, सायबर कॅफेवाल्यानं उघडून दिलेत? म्हणून पहिलं काम पेटी स्वतःची करणं. ईमेलच्या सेटिंगमध्ये जा. कुठल्या कुठल्या फोनवर खातं चालू आहे ती यादी बघा. अनोळखी असेल ते बंद करा. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर कुणाचा आहे ते बघा. पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी लावा. पण जिथं घरातच धोका असेल, तिथं एकदम हे करू नका. बदल केल्याची सूचना दुसऱ्या फोनवर जाते आणि संशय वाढतो. अशा वेळी विश्वासाच्या माणसाच्या फोनवरून वेगळंच, नवं खातं उघडा आणि आपल्या फोनवर ते लावूच नका. मुखवटा त्यानंतर.

आणखी दोन चुका. मुखवट्यावरून उत्तर देताना खाली आपोआप येणारी सही, पूर्ण नाव आणि मोबाईलसकट, तशीच राहते. ती काढा. आणि ईमेल झाकून मोबाईल नंबर मात्र सगळीकडं देत सुटलात तर उपयोग अर्धाच, कारण आपल्याकडं नंबर हीच मोठी कडी आहे. दुकानात बिलासाठी नंबर सक्तीनं मागू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्येच सांगितलंय. काउंटरवर शांतपणे ‘देणार नाही’ म्हणा. बिल मिळतं.

कायदा आपल्या बाजूनं किती? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, तो अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कातच आहे. खटला लढवणारे के. एस. पुट्टस्वामी हे निवृत्त न्यायाधीश होते. २०१२ मध्ये त्यांनी याचिका केली तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या पुढं होतं. २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. निष्काळजी कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण बरीचशी बंधनं टप्प्याटप्प्यानं लागू होतात. तोवर आपली काळजी आपणच घ्यायची. फसवणूक झाली तर १९३० वर फोन करा. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर स्त्रियांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते.

मुखवट्याचा गैरवापर होतो का? होतो. बुल्ली बाईवाल्यांनीही शीख वाटतील अशा नावांचे मुखवटे चढवले होते, एका समाजावर दुसऱ्याचा संशय यावा म्हणून. त्यांनी दुसऱ्याचा चेहरा लावला. आपण फक्त आपल्या घराचा पत्ता द्यायचं नाकारतोय. हा फरक कुणी विचारलं तर सांगता आला पाहिजे.

शेवटी परत त्या वहीकडं. ती काल रात्री मी आयोजकांच्या हातात दिली. आपण कंपन्यांकडं बोट दाखवतो, पण ही वहीसुद्धा डेटाच आहे. चळवळीची वही आहे. त्यात मुलींचे नंबर आहेत, आणि काहींच्या घरी त्या या शिबिराला आल्यात हे माहीत नाही. तेव्हा माझी एक सूचना आहे. आज संध्याकाळच्या बैठकीत ठरवा : वही कुणाकडं राहील, किती दिवस राहील आणि मग तिचं काय करायचं. आणि पुढच्या शिबिराला ईमेलचा रकाना ज्याला हवा त्यानंच भरावा.

तोपर्यंत दुपारच्या जेवणानंतर मी मागच्या व्हरांड्यात बसलोय. ज्यांना आपली पेटी तपासून बघायची आहे त्यांनी फोन घेऊन या. पासवर्ड मला सांगू नका.