घराची जागा आणि इंधनाचा हिशेब



ऊर्जाबचतीचा विषय निघाला की चर्चा दिवे, पंखे आणि छतावरील सौरपट्ट्या यांपाशीच थांबते. परंतु कुटुंबाच्या इंधनखर्चाचा मोठा भाग घराची जागा निवडली जाते तेव्हाच निश्चित होतो. घर रोजगारापासून, शाळेपासून आणि रेल्वेस्थानकापासून दूर असेल, तर घरात केलेली काटकसर रस्त्यावर खर्ची पडते.

पेण तालुक्यातील जोहे गाव पाहावे. हमरापूर, तांबडशेत, कळवे या शेजारच्या गावांप्रमाणे गणेशमूर्ती घडविणे हा येथील प्रमुख व्यवसाय. कारखाना घरातच, नाही तर घराला लागून. एकीकडे साच्यातून मूर्ती निघते, पडवीत ती सुकते, आतल्या खोलीत डोळ्यांची आखणी चालते. कारागिराला कामासाठी गाव सोडावे लागत नाही. त्याने घडविलेली मूर्ती तेवढी मुंबई-पुण्याला आणि परदेशी जाते. नगररचनाशास्त्र निवास आणि रोजगार यांच्या ज्या सान्निध्याचा आग्रह धरते, ते येथे कोणत्याही आराखड्याविना नांदत आहे.

याच परिसराच्या दाराशी आता नवे महानगर येत आहे. जानेवारी २०२४ मध्ये सुमारे २२ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराचे नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपविण्यात आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचेही उद्घाटन झाले. सेतूमुळे मुंबई जवळ आली हे खरे. परंतु त्यावरून रेल्वे धावत नाही. ती जवळीक मुख्यतः मोटारीची आहे.

साधा हिशेब करावा. एक गृहस्थ रोज जाऊन-येऊन १२० किलोमीटर मोटार चालवतो आणि लिटरला १५ किलोमीटर अंतर पडते, असे धरले तर दिवसाला ८ लिटर पेट्रोल लागेल. वर्षातील २५० कामाच्या दिवसांत ते २,००० लिटर होईल. लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वर्षाला साडेचार टनांहून अधिक. भारतातील दरडोई उत्सर्जनाच्या हे दुपटीपेक्षा जास्त आहे. घरातील दिवे बदलून ही तूट भरून निघणारी नाही.

नवी मुंबईचा अनुभव याबाबतीत बोलका आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. रोजगार आणि घरे बरोबरीने उभी राहावीत, उपनगरे सार्वजनिक वाहतुकीच्या मार्गावर ओवली जावीत, ही मूळ योजना. प्रत्यक्षात शासनाची मुख्य कार्यालये मुंबईतच राहिली, आणि वाशीला लोकल पोहोचण्यास १९९२ उजाडले. त्या रेल्वेच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भार सिडकोने उचलला, म्हणून स्थानकांभोवती वस्ती वाढू शकली. तथापि, घरे आधी आणि रोजगार मागाहून, या क्रमाची किंमत हजारो कुटुंबांनी रोजच्या प्रवासात मोजली. कोपनहेगनने १९४७ च्या आराखड्यात रेल्वेमार्गांच्या कडेनेच वस्ती वाढविण्याचे आणि मधली जमीन मोकळी ठेवण्याचे ठरविले होते. तो दंडक दशकानुदशके त्या शहराच्या वाढीला दिशा देत राहिला.

पेण परिसरात रेल्वे आधीपासून आहे. पनवेल-रोहा मार्गावर जिते, हमरापूर, पेण ही स्थानके आहेत. उणीव आहे ती पुरेशा फेऱ्यांची. नवी घरे या स्थानकांपासून चालत जाण्याच्या अंतरात यावीत आणि त्यांच्याबरोबर गाड्याही वाढाव्यात. खारपट्ट्यात वसाहती पसरू नयेत. तेथे भरावासाठी आधी टेकडी फोडावी लागते, आणि मुरूम वाहणाऱ्या डंपरांचे इंधन घराची वीट रचण्यापूर्वीच जळते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नकाशावर निवासी आणि औद्योगिक असे वेगळे रंग भरताना घराला लागून असलेला मूर्तिकारखाना अनधिकृत ठरता कामा नये. तो दूरच्या औद्योगिक वसाहतीत हलवला, तर आज पायी होणारे काम उद्या वाहनाने होईल आणि जोहे गावाचे जीवनच दुभंगेल.

विकास आराखड्याच्या प्रारूपावर हरकती आणि सूचना मागविल्या जातात. ग्रामसभांनी आणि सुशिक्षित तरुणांनी त्या वेळेची वाट न पाहता गावातील कारखाने, पायवाटा आणि स्थानकापर्यंतची अंतरे यांची नोंद आजच करून ठेवावी. घरे एकदा उभी राहिली की त्यांची जागा बदलता येत नाही.