आमच्या चित्रांमागची माणसे

(संस्थेच्या सभागृहात भरलेल्या विद्यार्थी चित्रप्रदर्शनाच्या प्रसंगी चार विद्यार्थ्यांनी मिळून लिहिलेले व त्यांच्यापैकी एकीने वाचलेले भाषण)



कार्यवाहांनी पत्राने आम्हाला विषय कळवला तो असा : 'माझ्या चित्रामागील प्रेरणा'. आम्ही चौघे. चौघांना मिळून पंधरा मिनिटे. प्रत्येकाने वेगळे बोलायचे म्हटले तर वेळ आभार मानण्यातच जायचा, म्हणून एकत्र बसून एकच भाषण लिहिले. पहिला खर्डा झाला तो आम्हाला स्वतःलाच फार आवडला होता. त्यात तथागतांची करुणा होती, बाबासाहेबांचा संघर्ष होता, सावित्रीमाईंचे ऋण होते. आमच्या कलाशिक्षकांनी तो वाचला आणि परत देताना म्हणाले, "चांगला आहे. पण भिंतीवर एकही चित्र नसते तरी हे भाषण करता आले असते."

आम्हाला राग आला. दोन दिवस कोणी कोणाशी त्याबद्दल बोलले नाही. मग पटले. त्या महामानवांचे ऋण आहेच, ते नसते तर आमच्यापैकी एकाच्याही हाती ब्रश आला नसता. परंतु पत्रात विचारले आहे ते चित्राबद्दल. कागद समोर घेऊन बसलो तेव्हा डोळ्यांपुढे नेमके काय होते, ते आज सांगण्याचा प्रयत्न करतो.

आपल्यापैकी पुष्कळांच्या मुलांनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा दिल्या असतील. त्यात स्मरणचित्र असते. विषय देतात, समोर काही ठेवत नाहीत, आठवून काढायचे. आम्ही चौघेही त्यात चांगल्या श्रेणीने उत्तीर्ण झालो, आणि चौघांनीही जी आठवण काढली ती आमची नव्हती. 'बाजार' असा विषय आला की फेटेवाला म्हातारा, डोक्यावर पाटी घेतलेली नऊवारीतली बाई, मागे देऊळ आणि एक मोठे झाड. हे क्लासमध्ये गिरवून गिरवून पाठ केलेले. आमच्या वस्तीतला बाजार रेल्वेच्या पुलाखाली भरतो. तिथे देऊळ नाही, झाड नाही, आणि फेटा बांधलेला म्हातारा आम्ही लग्नाच्या वरातीतच काय तो पाहिलेला. मार्क मात्र भरपूर पडले.

कॉलेजात आल्यावर पहिल्याच आठवड्यात सरांनी गृहपाठ दिला : घरात भिंतीवरच्या खिळ्याला काय टांगले आहे ते काढून आणा. वर्गातल्या कित्येकांना ही थट्टा वाटली. आम्ही काढून नेले ते असे : रेशनकार्डाची प्लास्टिकची पिशवी, कॅलेंडर, आईची डबा न्यायची थैली, वडिलांचा कामाचा शर्ट. बाबासाहेबांची तसबीर चौघांच्याही चित्रात होती. तिला काका-बाबा वर्षातून एकदा नवा हार घालतात, आणि जुन्या हाराचा दोरा खिळ्याला तसाच राहतो. तो दोरासुद्धा एकीने काढला होता. आमची चित्रे खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली असे आम्ही मानतो.

त्यानंतर अभ्याससहलीत अजिंठा पाहिला. लेण्यांबद्दल आम्ही इथे नवीन काय सांगणार? वाघूर नदीच्या वळणावरचा तो कडा आपण पाहिलाच असेल. आम्हाला तिथे दोन गोष्टी विशेष वाटल्या. एक अशी की, आमच्या आधी विद्यार्थी तिथे जाऊन बसले होते. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेत होते. त्या नकला लंडनला गेल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच १८८५ साली तिथल्या आगीत जळाल्या. त्या विद्यार्थ्यांपैकी पेस्तनजी बोमनजी पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावाजले. नक्कल हुबेहूब आली की नाही एवढेच त्या मुलांना विचारले जात असणार. प्रेरणा विचारायला त्यांना कोणी सभागृहात बोलावले असेल असे वाटत नाही! त्या मानाने आम्ही भाग्यवान.

दुसरी गोष्ट भिंतीची. तिथली चित्रे ओल्या चुन्यावर रंगवलेली नाहीत. आधी दगडावर मातीचा गिलावा आहे. त्या मातीत भाताचा तूस, गवताचे व वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि त्यावर डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती. निळा तेवढा लाजवर्दाचा, तो दूर अफगाणिस्तानच्या बाजूने आलेला. ही माहिती ऐकताना आमच्यातली एक मोठ्याने हसली. वाटाड्याला वाटले आपले काही चुकले. ती म्हणाली, "हा गिलावा माझी आजी करते."

आजी बुलढाणा जिल्ह्यात असते. घराची भिंत ओलीने सुटली की ती माती, गव्हाचा भुसा आणि शेण कालवते आणि हाताने लिंपते. ते लिंपण पुरे वाळले की त्यावर हाताचे अर्धगोल उमटलेले दिसतात. आमच्या या मैत्रिणीने प्लायवुडवर तसाच गिलावा करून त्यावर आजीचे चित्र काढायचे ठरवले. दाखवायच्या दिवशी सकाळी पाहते तो गिलाव्याला हातभर भेग, आणि आजीचे नाक खाली जमिनीवर. आजीला फोन लावला. आजीने आधी विचारले, "माती किती दिवस कुजवली?" हिने माती कालवली आणि त्याच दुपारी लावली होती. भुसा घातलेली माती भिजवून चार-सहा दिवस तशीच ठेवायची, रोज पायाने तुडवायची, वास सुटला की मग ती चिकटते, हे आजीने फोनवर सांगितले. कुठल्या पुस्तकात आम्हाला ते सापडले नव्हते. दारातून आत आल्यावर डावीकडे जे तीन पाट लावले आहेत, ते दुसऱ्या खेपेचे. जवळ गेलात तर किंचित वास येईल, त्याबद्दल क्षमस्व.

आमच्यातल्या एकाचे काका पेंटर. जयंतीच्या पाट्या, कमानी, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या मोठ्या प्रतिमा ते चौकटी पाडून रंगवायचे. फ्लेक्स आल्यापासून त्यांचे काम बसले. आता ते सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये नंबर घालतात. त्याने आणलेली अक्षरांची मालिका काकांच्या जुन्या पाट्यांवरून केलेली आहे. 'भीम' मधल्या वेलांटीचा बाक प्रत्येक पाटीवर वेगळा का, हे काकांनाच विचारा. ते पाठीमागच्या रांगेत बसले आहेत आणि त्यांना बोलायला आवडते.

आता चौथ्याबद्दल. खरे तर एवढ्याचसाठी आम्ही हे भाषण एकत्र लिहिले, कारण तो एकटा हे बोलायला तयार नव्हता.

त्याचे वडील पालिकेचे सफाई कामगार. त्याने त्यांचे मोठे चित्र काढले. कोळशाने, पाच फूट उंच. वाकलेला माणूस, चेहरा दिसत नाही, खराटा माणसापेक्षा मोठा, मागे लाल आकाश. सवी सावरकरांच्या चित्रांतले गळ्यातले मडके आणि झाडू त्याने पाहिले होते. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची काढलेली कृष्णधवल छायाचित्रे त्याने ग्रंथालयात बसून पुन्हा पुन्हा पाहिली होती. चित्राला नाव दिले 'वारसा'. कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळाले. टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्ही तिघेही होतो, हेही सांगितले पाहिजे.

वडील इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून प्रदर्शन पाहायला आले. चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी त्यांना आदराने विचारले, "आपण या चित्रकाराचे कोण?" ते म्हणाले, "कोणी नाही. बघायला आलोय."

लोकलमध्ये ते गप्प होते. घरी आल्यावर पहिले वाक्य बोलले ते, "हे मला दाखवायला काढलंस का लोकांना?" आमच्या मित्राने त्यांना समजावायला सुरुवात केली : यात लाज वाटण्यासारखे काही नाही, आपले दुःख जगासमोर मांडलेच पाहिजे. ते म्हणाले, "मांड ना. तुझं मांड." आणि मग असे काही म्हणाले की ज्याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते, आमच्यापाशीही नव्हते. "खराटा असा धरत नाहीत. असा धरला तर दोन दिवसांत कंबर जाईल. आणि मान खाली घालून रस्ता कोण झाडतो? गाडी येते ना अंगावर."

ते चित्र सहा महिने जुन्या चादरीत गुंडाळून कपाटामागे राहिले. त्या काळात आमच्यात वाद झाले. दोघांचे म्हणणे असे की चित्र एकदा काढले की ते चित्रकाराचे, आणि आपला इतिहास झाकून ठेवणे हा अपराध आहे. दोघांचे म्हणणे असे की पाठ त्या माणसाची आहे, त्याला विचारायला नको? हा वाद अजून पुरता मिटलेला नाही, आणि मिटल्यासारखे इथे दाखवावे असे आम्हाला वाटत नाही.

मदत झाली ती पुन्हा अजिंठ्याची. सतराव्या लेण्यात यशोधरा आणि राहुल भगवंतांसमोर उभे आहेत, ते दृश्य आमच्यातल्या एकीने परत आल्यावर आठवणीने काढले होते. आत अंधार फार, तिथे बसून काढता येत नाही. भगवंत भव्य, मायलेक अगदी लहान. आईने पाठवल्यावरून राहुल आपला वारसा मागतो आणि त्याला प्रव्रज्या मिळते, ही कथा आपण जाणताच. पण पुढचा भाग आम्हाला ठाऊक नव्हता, तो संस्थेच्या ग्रंथपालांनी सांगितला. राहुलचे आजोबा शुद्धोदन व्यथित होऊन आले, आणि यापुढे आईवडिलांच्या संमतीवाचून कोणाही मुलाला प्रव्रज्या देऊ नये, अशी विनंती त्यांनी केली. तथागतांनी ती मानली आणि तसा नियम केला. राहुलची प्रव्रज्या राहिलीच, पण शुद्धोदनांचे दुःख खोटे आहे असे कोणी म्हटले नाही. हे ऐकल्यावर आमचा मित्र बराच वेळ काही बोलला नाही.

पुढच्या रविवारी त्याने वडिलांना विचारले, "खराटा कसा धरतात ते दाखवता का?" त्यांनी घरातल्या घरात मच्छरदाणीची काठी घेऊन दाखवले. एक हात वर, तो नुसता दिशेला. जोर खालच्या हाताचा. वारा पाठीशी घ्यायचा, नाहीतर धूळ तोंडात येते. हीर सैल झाले की दांडा जमिनीवर उभा आपटायचा. एक तास ते बोलत होते. नोकरीला लागल्यापासून घरात कोणी त्यांना हे विचारलेच नव्हते. पुढे एके दिवशी ते त्याला पहाटे चौकीवर घेऊन गेले, साडेसहाच्या हजेरीला, आणि सोबत्यांना म्हणाले, "पोरगा आहे. चित्रं काढतो."

नवे चित्र त्या चौकीचे आहे. पाच माणसे, पाच चहाचे ग्लास, एकाच्या गमबुटातून तो पाणी ओतून काढतो आहे. डावीकडून दुसरे त्याचे वडील. त्यांनी चित्र पाहिले, एका सोबत्याची मिशी चुकली आहे म्हणून सांगितले, ती दुरुस्त करून घेतली आणि लावायला हरकत नाही म्हणाले. बक्षीस मिळालेल्या चित्राइतके ते जोरकस नाही, असे सरांचे मत आहे. आमच्यापैकी एकाचेही तेच मत आहे.

आपल्या हातातल्या छापील यादीत चौदाव्या क्रमांकाला 'वारसा' असे नाव आहे. यादी आधी छापून झाली होती. तिथे भिंतीवर आपल्याला नुसता खिळा दिसेल. ते चित्र घरी कपाटामागेच आहे. फाडलेले नाही. वडिलांनीच फाडू दिले नाही. ते कधी लावायचे, लावायचे की नाही, ते दोघे ठरवतील. चौकीचे चित्र पंधराव्या क्रमांकावर आहे.

प्रदर्शन रविवारी रात्री आठपर्यंत खुले आहे. चित्रातली माणसे कामावरून सुटल्यावर दुपारी दोननंतर येतील. आपल्यापैकी कोणी त्यांना ओळखलेच, तर चित्र कसे वाटते हे कृपया त्यांना विचारू नये. खराट्याबद्दल विचारलेत तरी चालेल.

जय भीम.