चार्जिंग केंद्रांची जागा : दिवाळे गावाच्या निमित्ताने
(व्याख्यानाचा मजकूर)



१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे खाडीच्या पूर्वेस आखीव नगर उभे राहू लागले. त्याचे रस्ते आणि विभाग आधी आराखड्यावर उमटले. बेलापूरलगतचे दिवाळे मात्र त्या आराखड्यापूर्वीचे कोळ्यांचे गाव. घराला घर लागून, बोळ अरुंद. विजेवरील वाहनांसाठी चार्जिंग केंद्रे योजताना हा भेद प्रथम ध्यानी घ्यावा लागतो.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शहरात ३ किलोमीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकटीत किमान एक केंद्र अपेक्षित होते. अशा एकाच चौकटीत बेलापूरची कार्यालये आणि दिवाळे ही दोन्ही सामावू शकतात. कार्यालयांपाशी केंद्र झाले की सूचनेचे पालन होते. परंतु गावठाणातील रिक्षाचालकाची वा मासळीच्या टेम्पोवाल्याची अडचण कायम राहते. इमारतीत वाहनतळ असणारा रात्री घरीच बॅटरी भरतो. ज्याला ती सोय नाही, त्याचा कमाईचा वेळ रांगेत जातो.

जागेबरोबर साधनाचा प्रकारही ठरवावा लागतो. ३० युनिटांची बॅटरी ३.३ किलोवॅटच्या साधनावर भरण्यास नऊ तासांहून अधिक लागतात. ५० किलोवॅटच्या जलद साधनावर ती तासाभरात बहुतांशी भरते. म्हणून शीव-पनवेल महामार्गासारख्या ठिकाणी, जेथे थांबा अल्प असतो, तेथे जलद साधन योग्य. वाहने रात्रभर उभी राहतात, तेथे मंद साधने पुरेशी होतात. शिवाय अशा दहा साधनांचा एकत्रित भार ३३ किलोवॅट, म्हणजे एका जलद साधनाहूनही कमी असतो. रोहित्राची क्षमता मर्यादित असलेल्या वस्तीत ही बाब निर्णायक ठरते.

खाडीकाठी आणखी दोन पथ्ये पाळावी लागतात. साधने भरतीच्या पाण्याच्या पातळीहून उंच चौथऱ्यावर बसवावीत आणि खाऱ्या हवेपासून त्यांचे रक्षण करावे. तसेच जाळी वाळविण्याची व होड्या दुरुस्तीची मोकळी जागा रिकामी समजून केंद्रासाठी घेऊ नये. ती कोळ्यांच्या उपजीविकेची जागा होय.

शहरालगतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीपुढे आज ना उद्या हाच प्रश्न येणार आहे. त्याचा आरंभ खर्चिक पाहणीने व्हावा असे नाही. आठवडाभर रात्री कोणती वाहने कोठे उभी राहतात याची नोंद सदस्यांनी ठेवावी, शिक्षकांनी तिचा नकाशा करावा आणि अधिकाऱ्यांनी तो रोहित्रांच्या नकाशाशेजारी ठेवावा. वाहनांची गर्दी आणि विजेची क्षमता जेथे एकत्र आढळतील, तेथे पहिले केंद्र व्हावे. जेथे वाहने आहेत पण क्षमता नाही, तेथे आधी रोहित्राची मागणी नोंदवावी.